सीमेच्या दोन्ही अंगांचा एकच तक्ता: शेजारच्या राज्याचे आकडे जोडून काम कसं उभं करावं

बेळगाव जिल्ह्याचा कुठलाही सरकारी नकाशा उघडून बघा. वेंगुर्ला रस्ता बाचीपर्यंत येतो आणि तिथून पुढे सगळं पांढरं. कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा घेतला तर शिनोळीच्या पूर्वेला तेच पांढरं. प्रत्यक्षात बाची आणि शिनोळी या दोन गावांत सकाळच्या वेळी उभं राहिलं तर दुधाच्या किटल्या, भाजीचे टेम्पो, कारखान्याचे कामगार आणि कॉलेजची मुलं दोन्ही दिशांनी जाताना दिसतात. हिडकल जलाशयातून बेळगावच्या नळाला येणाऱ्या पाण्यातलं बरंचसं पाणी चंदगडच्या डोंगरात पडलेलं असतं. माणसं आणि पाणी जिथून रोज ये-जा करतात, नेमकी तीच जागा दोन्हीकडच्या कागदांवर कोरी आहे.

ती कोरी जागा भरायची कशी, हे या लेखात सांगते आहे. ग्रामपंचायतीत पहिल्यांदाच निवडून आलेले सदस्य, भूगोल किंवा समाजकार्य शिकणारे विद्यार्थी, संस्थांमध्ये नव्याने लागलेले कार्यकर्ते, यांच्यासाठी हे लिहिलंय. संगणकावर साधा तक्ता करता आला तरी पुरे.

एक गोष्ट आधीच बोलून टाकते. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याबद्दल आपल्या घराघरात जे बोललं जातं तेच माझ्याही घरात बोललं जातं. पण इथे सांगितलेलं काम त्या खटल्यापासून वेगळं ठेवा. कृष्णेला पूर आला की शिरोळही बुडतं आणि चिकोडीही. तिथे लागणारा तक्ता कुणाचाही दावा सिद्ध करण्यासाठी नाही, आणि तो तसा वाटला तर पलीकडचा अधिकारी तुम्हाला आकडे देणारच नाही.

पहिली पायरी: एकच गरज धरा

"सीमाभागाचा विकास" असा विषय घेऊन बसलात तर वर्षभर नुसते आकडे गोळा करत राहाल. त्यापेक्षा एकच गरज निवडा, तीही एका ओळीत मांडता येईल अशी. पावसाळ्यात शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्यावरून निघालेलं पाणी चिकोडीकडच्या कल्लोळ, मांजरीला कधी आणि किती पोचणार? चंदगड तालुक्यातल्या बाळंतिणीला सगळ्यात जवळचा दवाखाना कुठला? उसाच्या हंगामात कोणते गावरस्ते हद्दीवर येऊन तुटतात? यांतला कोणताही एक प्रश्न पहिल्या कामाला भरपूर आहे.

दुसरी पायरी: गावं वापरावरून निवडा

नवखा माणूस सहसा बेळगाव आणि कोल्हापूर हे दोन अख्खे जिल्हे घेतो. तसं करू नका. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती आणि कोल्हापूरची ३८,७६,००१. एवढ्या मोठ्या गठ्ठ्याची सरासरी काढली की हद्दीवरची गावं त्यात बुडून जातात. सौंदत्ती आणि रामदुर्ग बेळगाव जिल्ह्यातच आहेत, पण चंदगडशी त्यांचा रोजचा काय संबंध?

देशादेशांच्या सीमांवर काम करणाऱ्यांनाही हीच अडचण आली होती. जर्मनी आणि नेदरलँड्सच्या हद्दीवरच्या गावा-शहरांनी १९५८ मध्ये 'युरेजिओ' नावाची संयुक्त संघटना उभी केली. पुढे १९९० मध्ये युरोपात 'इंटररेग' हा सीमापार कामांसाठीचा निधी सुरू झाला. पैसा वाटायचा तर सगळ्या देशांचे प्रदेश एकाच मापाने मोजायला हवेत. त्यासाठी तिथे 'नट्स' ही प्रदेशांची एकसारखी विभागणी वापरतात आणि तिच्या सगळ्यात खालच्या, तिसऱ्या स्तरावरचा प्रदेश साधारण दीड लाख ते आठ लाख लोकसंख्येचा असतो. या मापाने आपल्या एकट्या बेळगाव जिल्ह्याचे निदान सहा प्रदेश होतील. म्हणून आपल्यासाठी जिल्हा फार मोठा आहे. तालुका घ्या, आणि जमेल तिथे गाव घ्या.

गावं निवडताना माणसं जातात कुठे ते बघा. चंदगडकडची माणसं दवाखान्याला आणि मोठ्या खरेदीला बेळगावला येतात. निपाणीची कोल्हापूर गाठतात. कागवाड, अथणीकडच्या कित्येक घरांना मोठं दुखणं म्हटलं की मिरजच आठवते. जांबोटी-चोर्ल्याच्या वाटेने बेळगावची भाजी गोव्यात उतरते. हे सगळं वहीत लिहा आणि ज्या गावांची वाट हद्द ओलांडते तेवढीच गावं तक्त्यात घ्या. प्रश्न पाण्याचा असेल तर नदीचं खोरं धरा: दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, ताम्रपर्णी, आणि अर्थात कृष्णा. हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते आणि आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला येते. म्हणजे संकेश्वरच्या पुराचा अभ्यास सिंधुदुर्गातल्या पावसापासून सुरू होतो.

न्यायालयातल्या दाव्यासाठी केलेली ८६५ गावांची यादी अनेकजण तशीच्या तशी उचलतात. ती यादी वेगळ्या कामाची आहे. शिनोळी किंवा तुडये तिच्यात नसणारच, कारण ती गावं आजही महाराष्ट्रात आहेत. आपल्या तक्त्यात मात्र ती पहिल्या ओळीत हवीत.

तिसरी पायरी: आकडे कुठे मिळतात

गावपातळीवरचा सगळ्यात भरवशाचा पाया अजूनही २०११ ची जिल्हा जनगणना पुस्तिकाच आहे. तिच्यात प्रत्येक गावाची शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता, बस, बँक यांची नोंद आहे आणि देशभर एकाच साच्यात आहे, त्यामुळे दोन राज्यांची गावं शेजारी शेजारी मांडता येतात. आकडे जुने झालेत हे खरं. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, तोवर सुविधांच्या नोंदी मिशन अंत्योदयच्या (गावांतल्या सोयींची केंद्र सरकारची पाहणी) सर्वेक्षणातून आणि यू-डायसवरून (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) ताज्या करून घ्या. यू-डायसचा क्रमांक अकरा अंकी असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राला २७, कर्नाटकाला २९, गोव्याला ३०. जनगणनेतही राज्यांचे हेच क्रमांक आहेत.

महाराष्ट्राच्या बाजूला अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' काढतं. त्यात तालुकावार तक्ते असतात आणि मराठी वाचणाऱ्याला ते सोपं जातं. कर्नाटकातही जिल्ह्याची अशीच पुस्तिका निघते, पण बरेचदा कन्नडमध्ये. कन्नड वाचता येत नाही म्हणून ती बाजूला ठेवू नका. शेजाऱ्याचे आकडे त्याच्या भाषेतच असतात, आणि दहा-पंधरा शब्द पाठ केले की तक्ता उलगडतो. अंकि-अंश म्हणजे आकडेवारी, जनसंख्ये म्हणजे लोकसंख्या, बेळे म्हणजे पीक, कब्बु म्हणजे ऊस, नीरावरी म्हणजे सिंचन. 'मळे' हा शब्द दिसला की शेतमळ्याकडे जाऊ नका, कन्नडमध्ये मळे म्हणजे पाऊस. कन्नड अंक एका दुपारी शिकून होतात. गल्लीतल्या कन्नड शाळेत जाणाऱ्या एखाद्या पोरीला शेजारी बसवा, ती आनंदाने वाचून दाखवते.

पावसासाठी कर्नाटकात नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राच्या नोंदी होबळीनुसार (तालुक्याखालचा महसुली गट) मिळतात, महाराष्ट्रात महसूल मंडळानुसार. होबळी आणि मंडळ साधारण एकाच आकाराची पातळी आहे, तेव्हा पावसाचा तक्ता त्याच पातळीवर करा. जे कुठेच मिळत नाही ते माहितीच्या अधिकारात मागा. २००५ चा कायदा दोन्ही राज्यांना लागू आहे. अर्ज करताना गावांची नावं, वर्ष आणि नेमके रकाने लिहा. "सर्व माहिती द्यावी" असं लिहिलं की उत्तर लांबतं.

चौथी पायरी: जुळवाजुळव

सगळ्यात जास्त वेळ इथे लागतो आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. घाई करू नका.

आधी नावं. बेळगाव तालुक्यात सुळगे नावाची दोन गावं आहेत, एक हिंडलग्याकडचं आणि एक येळ्ळूरकडचं. आपण बोलताना "सुळगे हिं." आणि "सुळगे ये." म्हणतो, तक्त्यात मात्र ते शेपूट गळून पडतं. माझ्या पहिल्या तक्त्यात एका सुळग्याची शाळा दुसऱ्याच्या लोकसंख्येपुढे बसली होती आणि तीन आठवडे ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. शेवटी येळ्ळूरच्या एका काकांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "पोरी, एवढी माणसं आमच्या सुळग्यात कुठनं आणलीस?" कंग्राळीचं तसंच आहे, बुद्रुक आणि खुर्द. कर्नाटकच्या कागदांत ते 'बी. के.' आणि 'के. एच.' असं येतं, तर पलीकडे शिनोळीचं बुद्रुक-खुर्द मराठी कागदांत पूर्ण शब्दांत. म्हणून तक्त्याचा पहिला रकाना गावाच्या नावाचा ठेवू नका. जनगणनेचा सहा अंकी गाव-क्रमांक ठेवा, त्याच्या शेजारी मराठी नाव, मग कन्नड कागदातलं नाव.

जिल्ह्यांचे क्रमांकही लिहून ठेवा. २०११ च्या जनगणनेत बेळगाव ५५५, कोल्हापूर ५३०, सांगली ५३१, सिंधुदुर्ग ५२९. सरकारच्या ग्रामनिर्देशिकेत (लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी) जिल्ह्यांना वेगळे क्रमांक आहेत, दोन्ही मिसळू नका. आणि संकेतस्थळावर शोधताना ध्यानात ठेवा की २०१४ च्या १ नोव्हेंबरआधीचे तक्ते 'बेलगाम' या नावाखाली आहेत, नंतरचे 'बेळगावी' या नावाखाली.

मग हद्दी. निपाणी आज तालुका आहे, पण २०११ च्या पुस्तिकेत शोधलात तर सापडणार नाही, कारण तेव्हा ती गावं चिकोडी तालुक्यात होती. कागवाड तसंच अथणीत, मुडलगी गोकाकमध्ये. जुन्या आणि नव्या तालुक्यांची तुलना केली तर चिकोडीची लोकसंख्या एकाएकी घटल्यासारखी दिसेल. उपाय एकच: गावं उचलून आजच्या तालुक्यात बसवा आणि बेरीज स्वतः करा. आणखी मागे गेलात तर चंदगडच हलतं. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. त्यामुळे १९५१ च्या जनगणनेत चंदगडची गावं बेळगाव जिल्ह्याच्या पुस्तिकेत आहेत. ही माहिती माझ्या मनात घर करून बसली आहे. जो तालुका आज नकाशावर पांढरा दिसतो, तो दोन-तीन पिढ्यांआधी बेळगावच्याच पुस्तिकेचं एक पान होता.

पंचायतींची तुलना तर अजिबात थेट करू नका. कर्नाटकात एका ग्रामपंचायतीत बहुधा अनेक गावं असतात, महाराष्ट्रात एकेका गावाचीही स्वतंत्र ग्रामपंचायत असते. "दर पंचायतीमागे दवाखाने" असा रकाना केला की महाराष्ट्राची बाजू विनाकारण दुबळी दिसते.

आता मापं. महाराष्ट्राचा सातबारा हेक्टर-आरमध्ये, कर्नाटकचा पहाणी उतारा एकर-गुंठ्यात. चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, आणि एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच आहेत, पण चाळीस गुंठ्यांना एकर आणि शंभर आरना हेक्टर हे डोक्यात ठेवलं नाही तर बेरीज बिघडते.

पाण्याच्या मापांत चूक झाली तर ती माणसांच्या जिवावर येते. सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी फुटांत सांगतात: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. हे फूट त्या त्या जागेच्या मोजपट्टीचे आहेत. अलमट्टीची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर सांगतात, ती समुद्रसपाटीपासूनची. फुटांचे मीटर केले म्हणून ही दोन मापं एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. दोन ठिकाणं जोडायची असतील तर पातळी सोडा आणि विसर्ग घ्या, म्हणजे क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी जातं ते). हिशेबाला सोपं सूत्र असं: ११,५७४ क्युसेक पाणी एक दिवस अखंड वाहिलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतं. राजापूर बंधाऱ्यावरून येणारा विसर्ग आणि दूधगंगेचा विसर्ग यांची बेरीज म्हणजे ढोबळमानाने कल्लोळजवळचं कृष्णेचं पाणी. चिकोडी तालुक्याला २०१९ आणि २०२१ च्या पुरात हीच बेरीज हवी होती, आणि तिचा एक आकडा कोल्हापूर जिल्ह्यातून येतो.

पाचवी पायरी: तक्ता घेऊन वाटेवर उभे राहा

छापील आकडे गावात काय आहे ते सांगतात. माणूस कुठे जातो ते सांगत नाहीत. त्यासाठी तीन जागा गाठा: बसथांबा, आठवडी बाजार आणि दवाखाना. बसच्या कंडक्टर मामांना विचारा की कुठल्या थांब्यावर किती माणसं चढतात, कोणत्या वारी गर्दी असते. कर्नाटकची वायव्य परिवहनची गाडी आणि महाराष्ट्राची एसटी, दोन्हींच्या मामांना विचारा. तणावाच्या दिवसांत गाड्या बंद पडतात तेव्हा माणसं कशी जातात हेही त्यांनाच माहीत असतं.

दवाखान्यातला एक अनुभव सांगते. बेळगावातल्या एका रुग्णालयात परवानगी घेऊन मी बाह्यरुग्ण विभागाचं रजिस्टर पाहत होते. तालुक्याच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे बेळगाव. चंदगडचे रुग्ण मोजायला आले होते आणि कागदावर ते दिसतच नव्हते. तेवढ्यात रांगेतल्या एका आजी खिडकीशी आल्या. कमरेला खोचलेल्या बटव्यातून घडी घातलेली चिठ्ठी काढली, गाव सांगितलं तुडये, आणि लगेच हळू आवाजात म्हणाल्या, "पण पत्ता बेळगावचाच घाल गं बाई. चंदगड म्हटलं की परत पाठवतील." कुणी परत पाठवलं नसतं, पण त्यांना ती भीती होती आणि लिहिणाऱ्या मुलीनेही न बोलता बेळगाव लिहिलं. हद्दीपलीकडून आलेली गरज अशी रोज पुसली जाते.

तेव्हापासून मी तालुक्याचा रकाना वाचत नाही. गावाचं नाव वाचते, आणि पिन कोड असेल तर तो. ४१६ ने सुरू झाला तर महाराष्ट्राची बाजू, ५९० किंवा ५९१ असेल तर बेळगाव जिल्हा. रुग्णाचं नाव, फोन, आजाराचा तपशील उतरवून घेऊ नका. गाव, वयोगट, महिना आणि कुठल्या विभागात आले एवढं पुरतं. कमीत कमी तीन महिने मोजा, त्यातला एक पावसाळ्यातला असू द्या.

या मोजणीचं पुढे काय होऊ शकतं हे बघायचं असेल तर पिरेनीज पर्वतातल्या सेरदान्या खोऱ्याकडे पाहा. ते खोरं अर्धं स्पेनमध्ये, अर्धं फ्रान्समध्ये आहे. २०१४ मध्ये तिथे स्पेनच्या बाजूला, पुइगसेर्दा गावात, दोन्ही देशांच्या रुग्णांसाठी एकच रुग्णालय सुरू झालं. दोन देश, दोन भाषा, दोन विमा व्यवस्था. आपल्याकडे तर देश एक आहे आणि रुग्णवाहिकेचा क्रमांकही दोन्हीकडे १०८ च आहे, यंत्रणा तेवढ्या वेगळ्या.

सहावी पायरी: एक पान, दोन सह्या

जमवलेल्या सगळ्यातून एक पान तयार करा. वर नकाशा, त्यावर हद्दीच्या दोन्ही अंगांची गावं एकाच रंगात. खाली पाच-सहा ओळींचा तक्ता. शेवटी एकच मागणी, जी दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांच्या हातात असेल अशी. "संयुक्त रुग्णालय द्या" हे पहिल्या पानावर लिहू नका. "रजिस्टरमध्ये गावाचा क्रमांक लिहा" किंवा "राजापूरचा विसर्ग दर तीन तासांनी चिकोडीच्या तहसीलदारांना कळवा" हे लिहा. पान मराठी आणि कन्नड दोन्हींत असू द्या. कन्नड मजकूर नीट जाणणाऱ्याकडून तपासून घ्या, अपुऱ्या भाषांतरासारखं नुकसान दुसरं नाही.

मग दोन्हीकडच्या ग्रामसभांत ठराव करून घ्या. बेळगाव बाजूला पंचायत विकास अधिकारी, म्हणजे पीडीओ, आणि महाराष्ट्रात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हे तुमचे पहिले सोबती. गावाच्या महसुली नोंदींसाठी तिकडे तलाठी भाऊसाहेब (आता ग्राम महसूल अधिकारी), इकडे ग्राम लेखापाल (आता ग्राम प्रशासकीय अधिकारी). पुराचा विषय असेल तर थेट जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जा. जिल्हाधिकारीच त्याचे अध्यक्ष असतात, आणि दोन जिल्हाधिकाऱ्यांना एकाच दिवशी एकच पान देता आलं तर फार बरं.

त्याच्या वर वाट जरा अवघड आहे, कारण शेजारच्या राज्यांनी एकत्र बसून बोलायच्या ज्या विभागीय परिषदा आहेत, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा पश्चिम परिषदेत आणि कर्नाटक दक्षिण परिषदेत. बेळगाव आणि चंदगड एकाच परिषदेच्या टेबलावर बसत नाहीत. म्हणून जिल्हा पातळीवर जे होतं तेच खरं काम. नोव्हेंबर २०२२ मध्ये कोल्हापुरात दोन्ही राज्यांचे राज्यपाल आणि सीमेवरच्या जिल्ह्यांचे अधिकारी एकत्र बसले होते. अशी बैठक पुन्हा ठरली तर तुमचं पान तयार असायला हवं, बैठकीची बातमी वाचून मग आकडे शोधायला वेळ नसतो.

पुराच्या तक्त्याचं काम करत असाल तर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दोन्हीकडच्या नोंदी आणि अधिकाऱ्यांचे दूरध्वनी एकदा तपासून घ्या. बदल्या बहुधा त्याच सुमारास होतात. नव्या माणसाला जुनं पान पुन्हा द्या, आणि शिरोळहून चिकोडीला एक फोन लावून तो उचलला जातो का ते जूनच्या आधीच बघा.